चांदीच्या नळीतली भुकटी : सुपरकंडक्टरची तार कशी झाली त्याची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथं अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बहुतेक तसंच आहे.

२०२३ सालचे जुलै-ऑगस्ट आठवतात? यूट्यूब, इन्स्टा, जिथं बघावं तिथं एकच काळा खडा दिसत होता. लोहचुंबकावर अर्धवट उचललेला. नाव एलके-९९. दक्षिण कोरियातल्या एका गटाचा दावा होता की हा खडा साध्या खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर आहे, म्हणजे त्यातून वीज जाताना विरोध शून्य. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो बनवून पाहिला आणि काही आठवड्यांत दावा बारगळला. पण तोवर कॉमेंट्समध्ये लोकांनी तरंगत्या गाड्या, न तापणारे फोन, शून्य गळतीचे वीजवाहक, सगळं उभं करून टाकलं होतं.

त्या गडबडीत एक साधा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. समजा, दावा खरा निघाला असता. मग त्या खड्याची तार कशी ओढली असती?

आजचा भाग या प्रश्नाचा आहे. कारण हे सगळं आधी एकदा घडून गेलंय, आणि तेव्हा दावा शंभर टक्के खरा होता. तरीही पदार्थ सापडल्यापासून त्याची केबल शहराच्या विजेला जोडली जाईपर्यंत वीस वर्षं गेली. ती वीस वर्षं कुठं गेली? तर नळीत भुकटी भरण्यात, ती ओढण्यात, लाटण्यात आणि भाजण्यात. माझं बीटेक मेटलर्जीचं. आता कोड लिहितो, पण रोलिंग मिलचं नाव निघालं की कान टवकारतात. तेव्हा थोडं सहन करा.

पहिलं स्वप्न आणि पहिली आपटी

सुरुवात १९११. नेदरलँड्समधलं लायडन. हाइके कामरलिंग ओनेस या शास्त्रज्ञाने त्याआधी तीन वर्षं, १९०८ मध्ये, हेलियम वायू द्रवरूप करून दाखवला होता. त्या द्रवात पारा थंड केला, तर ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास, पाऱ्याचा विद्युतरोध एकदम नाहीसा झाला. हळूहळू कमी नाही, धाडकन शून्य.

ओनेसच्या डोक्यात लगेच हिशोब सुरू झाला. विरोध नाही म्हणजे तार तापणार नाही. तार तापणार नाही म्हणजे तिची गुंडाळी करून हवा तेवढा प्रवाह सोडता येईल, आणि प्रचंड ताकदीचं चुंबक करता येईल. त्याने १० टेस्लाच्या चुंबकाचं स्वप्न मांडलं. १० टेस्ला म्हणजे किती? आजकाल इस्पितळात जे एमआरआय असतं ते साधारण दीड किंवा तीन टेस्लाचं.

मग त्याने शिशाच्या तारेची गुंडाळी केली आणि गाडं तिथंच अडलं. थोडा प्रवाह वाढवला की अतिवाहकता गायब. पुढे समजलं की शिसं साधारण ०.०६ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्रसुद्धा सोसू शकत नाही. म्हणजे चुंबक स्वतःच्याच क्षेत्राने स्वतःला बंद पाडतं.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे सारखी लागणार आहे. सुपरकंडक्टरला तीन मर्यादा असतात: तापमान, चुंबकीय क्षेत्र आणि प्रवाह. यातली एक जरी ओलांडली तरी खेळ संपला. बातम्या येतात त्या फक्त पहिल्या मर्यादेच्या.

ठिसूळ गोष्टीची तार : नळीची युक्ती

पुढचा मुक्काम अमेरिकेतली बेल लॅब्ज. तीच, जिथं ट्रान्झिस्टर जन्मला. १९५४ मध्ये बर्न्ड मॅथियास आणि त्याच्या सहकाऱ्यांना नायोबियम आणि कथिल यांचं एक संयुग सापडलं, जे १८ केल्विनपर्यंत अतिवाहक राहतं. तेव्हा तो उच्चांक होता. अडचण एकच. हे संयुग बिस्किटासारखं ठिसूळ. तांब्याची तार आपण ओढतो, वाकवतो, पिळतो, कारण तांबं लवचीक आहे. बिस्किट ओढलं तर हातात चुरा येणार.

१९६० च्या शेवटी जीन कुन्झलर आणि त्याच्या गटाने हे कोडं सोडवलं ते अशा रीतीने की वाचून हसू येतं, इतकं सोपं. संयुगाची तार होत नाही ना? मग संयुग आधी करूच नका. नायोबियमची लवचीक नळी घ्या. तिच्यात नायोबियम आणि कथिलाची भुकटी ठासून भरा. तोंडं बंद करा. आता ही नळी नेहमीच्या तारेसारखी ओढा. आतली भुकटी सुटी आहे, तिला मोडायला काही नाहीच, ती नळीबरोबर सरकत जाते. तार बारीक झाली की हव्या त्या आकारात वळवा आणि मग शेवटी हजार अंशांच्या आसपासच्या भट्टीत ठेवा. भुकटीतले दोन धातू आतल्या आत एकत्र येतात आणि ठिसूळ संयुग तयार होतं, पण आता ते आधीच तारेच्या आकारात आहे!

१९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: ८.८ टेस्लाच्या क्षेत्रात, दर चौरस सेंटिमीटरला १ लाख अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह. ओनेसचं स्वप्न पन्नास वर्षांनी हाताच्या अंतरावर आलं. मॅथियासने शोधलेला पदार्थ सहा-सात वर्षं तसाच पडून होता. त्याची तार झाली तेव्हा त्याचं महत्त्व कळलं.

या पद्धतीला पुढे 'पावडर इन ट्यूब' नाव पडलं. आपण हिला नळी-भुकटी म्हणू. एमआरआयच्या चुंबकांनी मात्र वेगळी वाट धरली. तिथं नायोबियम-टायटॅनियम वापरतात, कारण ते सरळ लवचीक मिश्रधातू आहे, तांब्यासोबत निमूट ओढलं जातं. १८ च्या जागी साडेनऊ केल्विनच चालतं, पण तार करायला सोपं. बाजारात जिंकलं ते हेच. हाही इशाराच होता.

१९८७ ची रात्र

आता १८ मार्च १९८७. न्यूयॉर्कचं हिल्टन हॉटेल. अमेरिकन फिजिकल सोसायटीची बैठक. सभागृहात दोनेक हजार माणसं कोंबलेली, बाहेर टीव्हीच्या पडद्यांसमोर आणखी गर्दी. संध्याकाळी सुरू झालेलं सत्र पहाटे तीनच्या पुढे संपलं. पन्नासच्या वर वक्ते, प्रत्येकाला मोजून काही मिनिटं. याला 'भौतिकशास्त्राचं वुडस्टॉक' म्हणतात.

कारण असं की १९८६ मध्ये झ्युरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडचा एक सुपरकंडक्टर सापडला होता, आणि १९८७ च्या सुरुवातीला पॉल चू आणि माव-कुएन वू यांच्या गटांनी त्याच्याच भावकीतला पदार्थ ९३ केल्विनपर्यंत नेला होता. हा आकडा का महत्त्वाचा? कारण द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. महागड्या हेलियमची गरज संपली. बेडनॉर्झ आणि म्युलर यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं, इतकी घाई क्वचितच होते.

मग जानेवारी १९८८ मध्ये जपानच्या त्सुकुबातल्या धातू-संशोधन संस्थेत हिरोशी माएदा यांच्या गटाने बिस्मथ असलेलं ऑक्साइड आणलं. बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम, तांबं. त्यातला एक प्रकार ११० केल्विनच्या आसपास जातो. घटकांच्या प्रमाणावरून त्याला २२२३ म्हणतात. त्याचा धाकटा भाऊ २२१२. आपली पुढची गोष्ट या २२२३ ची.

हे सगळे पदार्थ म्हणजे सिरॅमिक. कपबशी, कौल, फरशी यांच्या जातकुळीतले. नायोबियम-कथिलपेक्षा वाईट एक गोष्ट त्यांच्यात होती. ठिसूळपणा तर होताच, पण त्याशिवाय प्रवाह एका कणातून शेजारच्या कणात जाताना अडायचा. १९८८ मध्ये आयबीएममध्ये डिमॉस, चौधरी, मानहार्ट आणि लगूस यांनी हे मोजून दाखवलं. यातले प्रवीण चौधरी आयआयटी खरगपूरचे. दोन स्फटिककण एकमेकांच्या रेषेत असतील तर प्रवाह जातो. कोन थोडा वाढला की झपाट्याने पडतो. म्हणजे भुकटी नुसती ठासून भाजली तर कोट्यवधी कण कोट्यवधी दिशांना तोंड करून बसणार, आणि प्रत्येक सांध्यावर प्रवाहाला टोलनाका.

तेव्हा आता नुसती तार पुरेशी नव्हती. तारेच्या आतला कण न् कण ओळीत बसवायला हवा होता. तेही किलोमीटरभर लांबीत.

चांदीच का?

पहिला प्रश्न नळीचा. हे ऑक्साइड आहे, म्हणजे भाजताना त्याला ऑक्सिजन लागतो. नळी बंद असेल तर आत ऑक्सिजन जाणार कसा? तांबं, लोखंड, निकेल हे तापल्यावर आतल्या भुकटीशी प्रक्रिया करून तिची वाट लावतात. राहिली चांदी. चांदी या भुकटीच्या वाटेला जात नाही, आणि तापलेल्या चांदीतून ऑक्सिजन आरपार झिरपतो! शिवाय २२२३ तयार होतं ८३०-८४० अंशांच्या आसपास, आणि चांदी वितळते ९६१ अंशांना. म्हणजे मधे जेमतेम जागा आहे. निसर्गाने जणू एकच धातू यादीत ठेवला होता, आणि तो नेमका महागडा.

आता कृती सांगतो. पुरणपोळी डोळ्यासमोर आणा. चांदीची नळी म्हणजे कणकेची पारी, आत भुकटीचं पुरण. पण हे पुरण कच्चं असतं. पूर्ण २२२३ भरत नाहीत. बरंचसं २२१२ आणि बाकी घटक, वर थोडं शिसं, जे २२२३ व्हायला मदत करतं. नळी भरली, बंद केली, की पोलादी डायच्या भोकातून ओढायची. मग त्याहून लहान भोक. मग त्याहून लहान. सोनार भोकांच्या पट्टीतून तार ओढतात, तेच तत्त्व. मधेमधे चांदी कडक होते, तेव्हा हलकं तापवून मऊ करायची.

गणित बघा. १० मिलिमीटर व्यासाची नळी १ मिलिमीटरपर्यंत आणली तर छेद शंभरपट कमी, म्हणून लांबी शंभरपट जास्त. एका मीटरच्या नळीतून शंभर मीटर तार.

मग ही तार षट्कोनी डायमधून ओढून तिचे तुकडे करतात, आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखे एकमेकांना चिकटवून पुन्हा मोठ्या चांदीच्या नळीत भरतात. मधे एक, भोवती सहा, मग बारा, अठरा, चोवीस. म्हणून धाग्यांची संख्या अनेकदा १९, ३७, ६१ अशी असते. नेस्टेड लूप लिहिणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटेल. ही दुसरी नळी पुन्हा ओढायची, आणि शेवटी रोलरांमधून लाटून चपटी करायची. साधारण ४ मिलिमीटर रुंद आणि ०.२ मिलिमीटर जाड पट्टी. हीच ती टेप. तिच्या आत सिरॅमिकचे डझनावारी चपटे धागे, एकेकाची जाडी केसापेक्षा कमी.

इतके बारीक का? काचेची कांडी वाकवली तर मोडते, पण काचेचा धागा वाकतो. इंटरनेट ज्यातून येतं ती फायबर काचच की. जाडी कमी म्हणजे वाकवताना पडणारा ताण कमी. फरशीच्या जातीचा पदार्थ रिळावर गुंडाळता येतो तो असा.

लाटण्यातली भानगड

आता खरी गोष्ट. २२२३ चे कण अभ्रकासारखे पातळ पापुद्रे असतात. पत्त्यांचा विस्कटलेला ढीग दोन फळ्यांमध्ये दाबला की पत्ते आपोआप आडवे होतात, तसं रोलरखाली हे पापुद्रे आडवे बसतात. म्हणजे लाटण्याने दोन कामं एकदम होतात: भुकटी घट्ट होते आणि कण रांगेत येतात. प्रवाहाला हवी असलेली ओळ बऱ्याच अंशी यंत्राच्या दाबाने मिळाली. म्हणूनच गोल तार सोडून सगळे टेपकडे वळले. जपानमध्ये सुमितोमो इलेक्ट्रिक, अमेरिकेत १९८७ मध्येच सुरू झालेली अमेरिकन सुपरकंडक्टर, आणि युरोपात अनेक गट याच वाटेने गेले.

पण पोळी लाटणाऱ्या कुणालाही विचारा. कणीक सैल आणि पुरण घट्ट असेल तर काय होतं? पारी पुढे पळते, पुरणाचा गोळा मागे राहतो. इथंही तेच. दाबलेली भुकटी चांदीपेक्षा कडक झाली की चांदी पुढे सरकते आणि आतला धागा शेवग्याच्या शेंगेसारखा होतो, एका जागी फुगीर, पुढच्या जागी आवळलेला. प्रवाह किती जाणार हे सगळ्यात आवळलेल्या जागेवर ठरतं. किलोमीटरभर टेपमध्ये एक जागा वाईट असेल तर अख्खी टेप तेवढीच. म्हणून बाहेरच्या नळीला चांदीत थोडं मॅग्नेशियम वगैरे मिसळून कडक करणं, भुकटी आणखी बारीक दळणं, एका फेरीत किती लाटायचं हे ठरवणं, यावर वर्षं गेली.

आणि मग एक विचित्र गोष्ट दिसली. प्रयोगशाळेत काही सेंटिमीटरचा तुकडा सपाट प्रेसमध्ये दाबला तर तो भरपूर प्रवाह न्यायचा. तीच टेप रोलरमधून लाटली तर बरीच कमी. भुकटी तीच, भट्टी तीच, दाबही तुलनेचा. फरक फक्त प्रेस आणि रोलर.

उत्तर चिरांमध्ये निघालं. रोलरमध्ये टेप लांबीच्या दिशेने वाढते. सिरॅमिक ताणलं जात नाही, म्हणून त्याला आडव्या चिरा पडतात, प्रवाहाच्या वाटेवर बरोबर आडव्या. सपाट प्रेसमध्ये लांबट पट्टीला लांबीकडे पसरायला वाव कमी, ती रुंदीकडे पसरते, म्हणून चिरा पडतात त्या लांबीच्या दिशेने. प्रवाह दोन चिरांच्या मधून सुखाने निघून जातो! म्हणजे चिरा दोन्हीकडे पडतात, पण रस्त्याला आडवा पडलेला खड्डा वेगळा आणि कडेने गेलेली भेग वेगळी.

उपाय म्हणून दोन वेळा भाजायची पद्धत पक्की झाली. लाटा, भाजा, परत लाटा, परत भाजा. पहिल्या भाजण्यात पापुद्रे वाढताना फुलतात आणि मधे पोकळ्या राहतात. मधल्या लाटण्यात त्या दबतात, पण चिरा पडतात. दुसऱ्या भाजण्यात थोडासा भाग वितळून त्या चिरा सांधल्या जातात, सगळ्या नाही, बऱ्याचशा. भट्टीचं तापमान काही अंश इकडचं तिकडं झालं तरी हे बिघडतं. काहींनी लांब टेप टप्प्याटप्प्याने दाबणारी यंत्रंही करून पाहिली, पण कारखान्याला रोलरचा वेग हवा होता.

डेमो आणि प्रॉडक्शन यातला फरक आपल्या धंद्यातही रोज दिसतो. लॅपटॉपवर चालणारं दहा ओळींचं स्क्रिप्ट आणि लाखो लोक एकदम वापरणारी सेवा. दोन सेंटिमीटरचा तुकडा आणि एक किलोमीटरची टेप यांच्यातलं अंतर अगदी तसंच.

तीनशे वातावरणांचा दाब

टेप कारखान्यातून बाहेर पडायला लागल्यावरही एक आजार उरला होता. आत राहिलेल्या सूक्ष्म पोकळ्या. टेप द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की एखाद्या सुईच्या टोकाएवढ्या भोकातून द्रव आत झिरपायचा. नंतर टेप गरम होऊ दिली की त्याचा वायू व्हायचा, बाहेर पडायला वाट नाही, आणि टेप फुग्यासारखी फुगायची.

२००४ च्या सुमारास सुमितोमोने शेवटचं भाजणं साध्या भट्टीत न करता सुमारे ३०० वातावरणांच्या वायुदाबाखाली करायला सुरुवात केली. ऑक्सिजन किती ठेवायचा तेही नेमकं नियंत्रित केलं. वायू सगळीकडून सारखा दाबतो, त्यामुळे रोलरसारख्या आडव्या चिरा नाहीत. पोकळ्या मिटल्या, फुगणं थांबलं, आणि पुढे ४ मिलिमीटरच्या टेपमधून द्रव नायट्रोजनच्या तापमानाला २०० अँपिअरच्या घरात प्रवाह जाऊ लागला. तुलना करायची तर घरातल्या दिव्यांच्या वायरिंगमध्ये साधारण तेवढ्याच छेदाच्या तांब्याच्या तारेतून दहा-पंधरा अँपिअर नेतात.

रसायन १९८८ चंच होतं. बदललं ते दाबायचं कसं एवढंच.

टेप कुठं पोचली?

जिनिव्हाजवळच्या सर्नमधलं लार्ज हॅड्रॉन कोलायडर तुम्हाला माहीत आहे. तिथल्या चुंबकांना हजारो अँपिअर प्रवाह लागतो. तो खोलीच्या तापमानातून अतिथंड हेलियमपर्यंत तांब्याच्या जाड दांड्यांनी नेला तर त्यांच्यातून उष्णताही आत शिरते. म्हणून तिथं हजाराहून जास्त जोडण्यांमध्ये २२२३ ची टेप बसवली आहे. गंमत म्हणजे तिथं चांदीत थोडं सोनं मिसळलंय! श्रीमंती दाखवायला नाही. सोन्याने चांदीची उष्णता वाहून न्यायची सवय कमी होते.

एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ६०० मीटरची अतिवाहक केबल प्रत्यक्ष वीजजाळ्यात चालू झाली, १३८ किलोव्होल्टची, अमेरिकन सुपरकंडक्टरच्या नळी-भुकटी टेपपासून बनवलेली. २०१४ मध्ये जर्मनीच्या एसेन शहरात मध्यवस्तीतल्या दोन उपकेंद्रांना जोडणारी एक किलोमीटरची केबल सुरू झाली, तीही बिस्मथच्याच टेपची. १९८७ च्या रात्री ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना जे उद्याच होईल असं वाटलं होतं, ते हे.

पण चांदीचं काय?

इथं गोष्ट गोड शेवटाने संपवता आली असती. पण हिशोब करू. ४ गुणिले ०.२ मिलिमीटरची एक किलोमीटर टेप म्हणजे ८०० घन सेंटिमीटर. त्यात साठेक टक्के चांदी धरली तर ४८० घन सेंटिमीटर. चांदीची घनता १०.५. म्हणजे दर किलोमीटरला पाच किलो चांदी! आणि एका केबलला अशी टेप शेकड्यांनी किलोमीटर लागू शकते. यंत्र कितीही सुधारा, कामगार कितीही कुशल असोत, किमतीचा एक तळ चांदीच्या भावाने बांधून ठेवलेला. ज्या गुणामुळे चांदी निवडली त्याच निवडीने हात बांधले.

शिवाय द्रव नायट्रोजनच्या तापमानाला २२२३ ला बाहेरचं चुंबकीय क्षेत्र फारसं सोसत नाही. तीन मर्यादा आठवतात ना? केबलला चालतं, मोटरला आणि मोठ्या चुंबकाला अडचण.

म्हणून अमेरिकन सुपरकंडक्टरने या टेपचं उत्पादन बंद केलं आणि दुसऱ्या पिढीकडे वळली. स्वस्त निकेल-मिश्रधातूची पट्टी आणि तिच्यावर मायक्रॉनभर जाडीचा यिट्रियमवाल्या ऑक्साइडचा थर. एक अख्खं कसब, पंधरा-वीस वर्षांत शिकलेलं, बाजूला ठेवायचं. इंजिनिअर म्हणून मला हा भाग सगळ्यात बोचतो. काम वाईट नव्हतं, चालत होतं, ग्राहकाकडे पोचलंही होतं.

पण आता बघा हं. त्या पातळ थरातले कण तरी ओळीत कसे बसवले? एक पद्धत ओक रिज प्रयोगशाळेत १९९६ मध्ये पुढे आली. त्यामागचं मुख्य नाव अमित गोयल, तेही खरगपूरचे. निकेलची पट्टी मूळ जाडीच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी होईपर्यंत लाटायची आणि मग तापवायची. निकेलचे कण स्वतःहून एका दिशेत बसतात, आणि वर चढवलेला थर त्यांची नक्कल करतो. अमेरिकन सुपरकंडक्टरने हीच वाट घेतली. भुकटी गेली, चांदीची नळी गेली, रोलिंग मिल मात्र राहिली.

आणि नळी-भुकटीही संपली नाही. जानेवारी २००१ मध्ये जपानच्या जुन अकिमित्सु यांच्या गटाने जाहीर केलं की मॅग्नेशियम डायबोराइड ३९ केल्विनला अतिवाहक होतं. हा पदार्थ १९५० च्या दशकापासून माहीत होता, बाटलीत विकत मिळायचा, कुणी थंड करून पाहिला नव्हता इतकंच. त्यात कणांच्या सांध्यावर तो टोलनाका नाही, म्हणून ओळीत बसवायची कटकट नाही आणि चांदीची सक्तीही नाही. त्याच वर्षी इटलीत जिनोव्हाला जोव्हानी ग्रासो यांच्या गटाने ही भुकटी निकेलच्या नळीत भरली, ओढली, लाटली, आणि न भाजताच तिच्यातून मोठा प्रवाह नेऊन दाखवला! ग्रासो आधी बिस्मथच्या टेपवर काम करत होते. शोध लागला त्याच वर्षी टेप तयार झाली, कारण हात आधीच तयार होते. ते कसब वाया गेलं नव्हतं.

मग पुढच्या वेळी काय बघायचं?

पुढचा एलके-९९ येणारच आहे. येईल तेव्हा तापमानाचा आकडा बघून लगेच शेअर करू नका. हे विचारा. चुंबकीय क्षेत्रात टिकतो का? दर चौरस सेंटिमीटरला किती प्रवाह नेतो? आणि किलोमीटरभर लांब करता येतो का, कुठल्या धातूच्या नळीत, किती रुपयांत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधनिबंधात असतील. तिसऱ्याचं उत्तर द्यायला कुणीतरी अनेक वर्षं डाय, रोलर आणि भट्टीपाशी उभं राहावं लागेल, आणि त्या माणसाचा व्हिडिओ व्हायरल होण्याची शक्यता कमी.

तुमच्यापैकी कुणी मेकॅनिकल किंवा मेटलर्जीला असेल आणि 'शेवटी आयटीतच जायचंय' म्हणून रोलिंगचा धडा ऑप्शनला टाकत असेल, तर एकदा तो धडा या गोष्टीच्या नजरेने वाचून बघा. आणि काय वाटलं ते मला नक्की कळवा.

चला, आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, वाचत राहा.